ॲब्सर्ड नाटक पहिल्यांदा बघायला जाताना

ॲब्सर्ड नाटक बघून आलेल्या माणसाला "कसं होतं?" असं विचारलं की तो आधी चाचपडतो. आवडलं म्हणावं तर का आवडलं ते सांगता येत नाही, नाही आवडलं म्हणावं तर आपल्यालाच कळलं नसेल अशी धास्ती. ही धास्ती अनाठायी आहे. या नाटकांना फार वाचन लागत नाही, तत्त्वज्ञानाची पदवी तर नाहीच नाही. एक सवय मात्र लावून घ्यावी लागते. 'याचा अर्थ काय' हा प्रश्न नाटक संपेपर्यंत बाजूला ठेवायचा आणि 'आत्ता समोर काय चाललंय' ते डोळे उघडे ठेवून बघायचं. ऐकायला सोपं आहे, पण खुर्चीत बसल्यावर जमायला जरा वेळ लागतो. म्हणून ही तयारी टप्प्याटप्प्याने.

आधी एवढं माहीत असू द्या

'ॲब्सर्ड नाट्य' हे नाव नाटककारांनी घेतलेलं नाही. मार्टिन एसलिन या समीक्षकाचं त्याच नावाचं पुस्तक १९६१ साली आलं आणि ते रूढ झालं. तोवर यातली बरीच गाजलेली नाटकं रंगमंचावर येऊनही गेली होती. सॅम्युएल बेकेट आयर्लंडचा, यूजीन आयोनेस्को रुमानियातला. दोघेही दुसऱ्या महायुद्धानंतरच्या पॅरिसमध्ये राहून फ्रेंचमध्ये लिहीत होते, पण त्यांनी एकत्र बसून काही जाहीरनामा वगैरे काढला नव्हता. त्यामुळे सगळ्या ॲब्सर्ड नाटकांना लागू पडेल अशी एकच किल्ली शोधत बसू नका. बेकेटची किल्ली आयोनेस्कोच्या कुलपाला लागत नाही.

या सगळ्यांच्या मागे उभा असलेला विचार मात्र थोडक्यात सांगता येतो. आल्बेर काम्यू या फ्रेंच लेखकाने १९४२ मध्ये तो निबंधरूपात मांडला होता: माणूस जगाकडे अर्थ मागत राहतो, जग गप्प राहतं, आणि या दोहोंमधल्या विसंगतीत आपण जगतो. काम्यूने ही गोष्ट अगदी मुद्देसूद, तर्काला धरून सांगितली. नाटककारांनी एक पाऊल पुढे टाकलं. जगण्याला अर्थ नाही हे पात्रांच्या तोंडून वदवण्याऐवजी त्यांनी नाटकाची रचनाच तशी केली. कथानक पुढे सरकत नाही, संवाद निरोप पोचवत नाहीत, शेवट काही सोडवत नाही. तेव्हा गोष्ट पुढे जात नाहीये असं वाटलं तर तुमचं काही चुकलेलं नाही. नाटककाराला तेच करायचं होतं.

आणि ॲब्सर्ड म्हणजे वाट्टेल ते, हा समज आधीच काढून टाका. ही नाटकं घड्याळजीच्या हिशेबाने बांधलेली असतात. कोणतं वाक्य किती वेळा यावं, शांतता कुठे पडावी, टोपी कुणाच्या डोक्यावरून कुणाच्या डोक्यावर जावी, सगळं संहितेत लिहिलेलं असतं.

पहिलं नाटक कोणतं?

पुढचा सगळा अनुभव या निवडीवर ठरतो, म्हणून इथे जरा थांबू. सर्वात प्रसिद्ध नाटकापासून सुरुवात करण्याचा मोह होतो, आणि सर्वात प्रसिद्ध म्हणजे बेकेटचं 'वेटिंग फॉर गोदो'. त्यात दोन माणसं गोदो नावाच्या कुणाची तरी वाट बघत राहतात. ते चांगलंच आहे, पण दोन अंकी आहे आणि वाट बघणं हाच त्याचा विषय आहे. पहिल्याच खेपेला एवढी वाट बघायला सगळ्यांना जमत नाही.

माझं मत विचाराल तर आयोनेस्कोच्या 'द बाल्ड सोप्रानो'पासून सुरू करा. नाटक एकांकी आहे, आणि कुठलंही तत्त्वज्ञान माहीत नसताना हसू येतं. आयोनेस्को इंग्रजी शिकायला बसला आणि संभाषणाच्या पाठ्यपुस्तकातली पात्रं एकमेकांना गंभीरपणे सांगत होती की आठवड्यात सात दिवस असतात, जमीन खाली असते आणि छत वर असतं. त्या वाक्यांतूनच नाटक उगवलं. पडदा उघडतो, घड्याळात सतराचे टोले पडतात आणि श्रीमती स्मिथ म्हणतात, अरेच्चा, नऊ वाजले. १९५० साली पॅरिसमध्ये पहिला प्रयोग झाला तेव्हा फारसं कुणी फिरकलं नव्हतं. पण १९५७ पासून तिथल्याच ह्युशेत नावाच्या छोट्या नाट्यगृहात ते दशकानुदशकं चालत आलं आहे.

गोष्ट असल्याशिवाय तुमचा जीव रमत नसेल तर आयोनेस्कोचंच 'ऱ्हायनोसेरॉस' घ्या. एका गावातली माणसं एकेक करून गेंडे होत जातात आणि एक सामान्य, जरा गबाळा माणूस तेवढा माणूस राहू पाहतो. यात सुरुवात आहे, चढण आहे, ताण आहे. आयोनेस्कोने तरुणपणी रुमानियात ओळखीची माणसं एकामागून एक फॅसिस्टांच्या कळपात जाताना पाहिली होती, एवढं माहीत असलं की पुरे.

संवादांची लज्जत घेणाऱ्यांसाठी इंग्रज नाटककार हॅरॉल्ड पिंटरचं 'द डम वेटर' आहे. तळघरातली एक खोली, सुपारी घेऊन आलेले दोन मारेकरी आणि पुढच्या हुकमाची वाट. 'गोदो' या दोन-तीन नाटकांनंतर घ्या. बेकेटचं 'एंडगेम' त्याहून पुढे, कारण ते जास्त कोरडं आणि कडू आहे. मराठीत वाचायचं झालं तर सतीश आळेकरांचं 'महानिर्वाण' (१९७४) जवळचं वाटेल. त्यात मेलेला माणूस स्वतःच कीर्तनाला उभा राहतो. ते शुद्ध ॲब्सर्ड की नाही यावर वाद घालता येईल, पण मरणाकडे बघून असं निर्लज्ज हसायची सवय तिथे छान लागते.

तिकीट काढल्यापासून पडदा उघडेपर्यंत

कथासार वाचलं तर चालेल का? खुशाल वाचा. गोदो येतो की नाही हे आधी कळल्याने काही बिघडत नाही, या नाटकांचा जीव रहस्यात नसतोच. न वाचण्यासारखी गोष्ट वेगळी आहे, ती म्हणजे अर्थ उलगडून सांगणारे लेख. 'गोदो म्हणजे देव' असं एकदा डोक्यात बसलं की पुढचे दोन तास तुम्ही नाटक बघत नाही, त्या वाक्याला पुरावे गोळा करता. ते लेख नंतरसाठी ठेवा.

त्याऐवजी संहिता मिळाली तर कुठलीही दोन पानं घरात कुणाला तरी समोर बसवून मोठ्याने वाचा. 'थांबतो' किंवा 'शांतता' असं लिहिलं असेल तिथे खरोखर थांबा. मनातल्या मनात वाचताना निरर्थक वाटलेली वाक्यं तोंडातून बाहेर पडली की त्यांत एक ठेका सापडतो, एक जण चिडतोय आणि दुसरा टाळतोय हे ऐकू येतं. बाकी कुठल्याही तयारीपेक्षा याचा उपयोग जास्त होतो.

जागा शक्यतो पुढच्या बाजूची घ्या. चेहरे आणि हात दिसले पाहिजेत. उशिरा जाऊ नका, कारण नाटक आपले नियम सुरुवातीलाच सांगून टाकतं आणि नंतर ते परत कुणी समजावत नाही. प्रयोगाची लांबी आणि मध्यंतर आहे का, हे आधीच विचारून ठेवा. सोबत कुणाला न्यायचं असेल तर एकालाच, आणि नाटक चालू असताना कानात "म्हणजे काय?" विचारणारा तो नसावा.

पहिली दहा मिनिटं

'गोदो' असा सुरू होतो. रस्ता, एक झाड, संध्याकाळ. एस्ट्रागॉन खाली बसून बूट काढायची खटपट करतोय. निघत नाही. दमतो, पुन्हा ओढतो, शेवटी हार मानून म्हणतो, काही उपाय नाही. तेवढ्यात व्लादिमीर येतो आणि म्हणतो, हल्ली मलाही तसंच वाटायला लागलंय. एक जण बुटाबद्दल बोलतोय, दुसरा अख्ख्या आयुष्याबद्दल, आणि दोघांनाही वाटतंय की आपलं एकमत झालं.

हे पकडलंत तर नाटकाचे निम्मे नियम तुमच्या हाती आले. इथे मोठी गोष्ट आणि फालतू गोष्ट एकाच पातळीवर येतील. माणसं एकमेकांना उत्तरं देतील, पण ती भलत्याच प्रश्नांची असतील. शरीराचे त्रास, म्हणजे पाय, लघवी, भूक, हे विचारांइतकेच महत्त्वाचे असतील. आणि 'काही उपाय नाही' हे वाक्य परत येणार.

म्हणून सुरुवातीला तीन गोष्टींवर लक्ष ठेवा. वस्तू कोणत्या आहेत आणि त्या कुणाच्या ताब्यात आहेत. कोणतं वाक्य किंवा हालचाल परत येते. आणि कोण कुणाला काय करायला लावतो. तिसरी गोष्ट पिंटरकडे फार कामाची. 'द डम वेटर'मध्ये चहासाठी किटली ठेवायला सांगताना कोणता शब्दप्रयोग बरोबर यावरून बेन आणि गस यांची जुंपते. वाद किटलीचा, पण बेन मध्येच विचारतो की आपल्या दोघांत वरिष्ठ कोण, आणि थोड्याच वेळात त्याचे हात गसच्या गळ्याशी जातात. शब्दाचा अर्थ काय यात अडकलात तर हे भांडण बाष्कळ वाटेल. कोण कुणाला दाबतंय हे बघितलंत तर अंगावर काटा येईल.

हसू आलं तर हसा

नवख्या प्रेक्षकाची सगळ्यात मोठी अडचण मला विचाराल तर आदर ही आहे. नोबेलविजेत्याचं नाटक, हसलं तर बरं दिसेल का? बेकेटला १९६९ मध्ये नोबेल मिळालं हे खरं, पण त्याच बेकेटला सर्कशीतले विदूषक आणि मूकपटांतले विनोदवीर मनापासून आवडायचे. त्याने लिहिलेल्या एकमेव चित्रपटात बस्टर कीटन आहे.

'गोदो'चा शेवट घ्या. दोघं गळफास घ्यायचा विचार करतायत आणि दोर नाही. एस्ट्रागॉनच्या विजारीला नाडी म्हणून दोरी बांधलेली असते, ती तो सोडतो. विजार घसरून घोट्यांपाशी. दोरी ओढून बघतात तर ती तुटते, दोघं पडता पडता वाचतात. उद्या चांगला दोर आणू असं ठरतं. मग व्लादिमीर सांगतो की विजार वर घे. एस्ट्रागॉनला आपली विजार खाली आहे याचाच पत्ता नाही, त्याला वाटतं हा काढायला सांगतोय. १९५३ च्या पहिल्या प्रयोगात नटाला ती पूर्ण खाली पाडायला संकोच वाटत होता. बेकेटने दिग्दर्शक रॉजे ब्लँला पत्र लिहून बजावलं की विजार पार घोट्यांपर्यंत पडली पाहिजे, अर्धवट कुठे अडकता कामा नये. आत्महत्येच्या बोलण्यात मध्येच सर्कस, आणि दोन्ही एकाच वेळी पूर्ण खरं. नाटककाराला इथे हसू हवं होतं. ते दाबलंत तर पुढच्या शांततेचा भारही तुमच्यापर्यंत पोचणार नाही.

कधी कधी तुम्ही एकटेच हसाल. हसा.

कंटाळा येणार, तेव्हा काय करायचं

येणारच. त्याला दोन तोंडं आहेत. एक कंटाळा नाटककाराने मोजून दिलेला असतो: पात्रं कंटाळलीत, तुम्हीही त्यांच्याबरोबर वेळ ढकलताय. दुसरा तुमचा स्वतःचा, म्हणजे लक्ष उडालंय आणि उद्याची कामं आठवतायत. दुसरा आला तर ऐकणं सोडा आणि फक्त बघा. एकाच नटाचे हात बघा, किंवा मंचावरची एकच वस्तू. आयोनेस्कोच्या 'द चेअर्स'मध्ये म्हातारा-म्हातारी न दिसणाऱ्या पाहुण्यांसाठी खुर्च्या आणत राहतात, एकामागून एक, वेग वाढत जातो, आणि हळूहळू त्या दोघांनाच उभं राहायला जागा उरत नाही. संवाद पार सुटले तरी त्या खुर्च्या तुम्हाला नाटकात परत आणतात.

शांतता पडली की ती आपल्या विचारांनी भरून काढायची घाई करू नका. पिंटरच्या संहितेत छोटा विराम आणि शांतता वेगवेगळ्या लिहिलेल्या असतात. विरामात माणूस पुढचं वाक्य जुळवत असतो. शांतता तुटते तेव्हा बहुधा दोघांमधलं काहीतरी बदललेलं असतं. आधी कोण बोलतो ते बघा.

मध्यंतरात घरी जाऊ नका

१९५६ च्या जानेवारीत अमेरिकेत मायामीला 'गोदो'चा प्रयोग लागला तेव्हा जाहिरातीत 'दोन खंडांना हसवणारं नाटक' अशा थाटाचा मजकूर होता. हलकीफुलकी करमणूक बघायला आलेले लोक पहिल्या अंकानंतर थव्याने उठून गेले. पुढच्याच वर्षी, १९ नोव्हेंबर १९५७ ला, हेच नाटक सॅन क्वेंटिनच्या तुरुंगात सुमारे चौदाशे कैद्यांसमोर झालं. ते खिळून बसले. वाट बघणं म्हणजे काय हे त्यांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. शिवाय ते अमुक एक बघायला मिळेल असं मनाशी ठरवून आलेले नव्हते.

मायामीच्या लोकांनी नेमकं काय गमावलं? दुसरा अंक पहिल्यासारखाच आहे: तोच रस्ता, तेच झाड, तीच दोघं, गोदो आज येणार नाही, उद्या येईल हा तोच निरोप. पण झाडाला चार-पाच पानं फुटलीत. पहिल्या अंकात भेटून गेलेल्या मालक-नोकरांपैकी मालक पोझो आंधळा झालाय, नोकर लकीची वाचा गेलीय. निरोप्या मुलगा म्हणतो की मी काल आलोच नव्हतो. पहिला अंक नीट बघितलेल्याला प्रत्येक फरक टोचतो, आणि आठवण नेमकी कुणाची खरी हा प्रश्न आता प्रेक्षकाच्याही मागे लागतो. ॲब्सर्ड नाटकात पुनरावृत्ती बघायची ती अशी, काय तसंच राहिलं यापेक्षा काय सरकलं हे शोधत.

मध्यंतरात अर्थाची चर्चा सुरू झाली तर जरा बाजूला व्हा. काय काय परत आलं एवढंच आठवून बघा.

बाहेर पडल्यावर

आता प्रश्न विचारायला हरकत नाही, फक्त कामाचे विचारा. 'गोदो कोण?' हा कामाचा नाही. बेकेटला तो आयुष्यभर विचारला गेला आणि त्याचं म्हणणं असं की मला माहीत असतं तर नाटकातच लिहिलं नसतं का. त्यापेक्षा सोबतच्या माणसाला विचारा: कुठे हसलास आणि हसू कुठे थांबलं? सगळ्यात जास्त कुणाचा राग आला? कोणतं दृश्य अजून डोळ्यांपुढून जात नाही? दोघांची उत्तरं जुळणार नाहीत, आणि खरी गंमत तिथून पुढे आहे. 'द बाल्ड सोप्रानो'त श्री. आणि सौ. मार्टिन गप्पा मारता मारता शोधून काढतात की आपण एकाच गाडीने आलो, एकाच घरात राहतो, एकाच पलंगावर झोपतो, म्हणजे आपण नवरा-बायको असणार! एकाला यात निव्वळ धमाल दिसेल, दुसरा घरी जाताना गप्प होईल. दोघंही बरोबर.

अर्थ लावायचाच असेल तर तो मंचावर घडलेल्या गोष्टीपाशी बांधलेला ठेवा. 'मानवी अस्तित्वाची शोकांतिका' असं म्हणून मोकळं होता येतं, पण हे वाक्य कुठल्याही नाटकाला चिकटवता येतं. 'जाऊ या म्हणतात आणि जागचे हलत नाहीत' हे फक्त याच नाटकाचं आहे.

नाटक अवघड होतं की प्रयोग वाईट?

हे कुणी फारसं सांगत नाही, पण ॲब्सर्ड नाटकाच्या नावाखाली टाकाऊ प्रयोगही खूप होतात, आणि प्रेक्षक स्वतःलाच दोष देत घरी जातात. ओळखायची खूण अशी की चांगल्या प्रयोगात नट आपण विचित्र आहोत हे दाखवत नाहीत. घड्याळात सतराचे टोले पडले तरी श्रीमती स्मिथना त्यात काही वावगं वाटत नाही, म्हणून आपल्याला हसू येतं. नट डोळे वटारून, आवाज काढून, प्रत्येक वाक्यावर 'बघा किती ॲब्सर्ड' असं खुणावू लागले की मजा संपली. धूर, मुखवटे आणि मागे पडद्यावर युद्धाची दृश्यं दिसू लागली तर दिग्दर्शकाचा संहितेवर विश्वास नाही असं खुशाल समजा. शांतता जिवंत आहे की नट वाक्य विसरलाय, हे सुद्धा सभागृहात बसलेल्या कुणालाही कळतं, त्याला जाणकार असावं लागत नाही.

आणि प्रयोग चांगला असूनही नाटक आवडलं नाही, तर आवडलं नाही. पिंटरचं 'द बर्थडे पार्टी' १९५८ मध्ये लंडनमध्ये आठवडाभरात बंद पडलं होतं. ते उठवून लावणारे सगळेच काही मूर्ख नव्हते. एक लेखक पटला नाही तर दुसरा बघा. आयोनेस्को न मानवणारे पिंटरचे भक्त मी पुष्कळ पाहिले आहेत.

पुढे

पहिलं नाटक पचलं की तेच नाटक वेगळ्या दिग्दर्शकाचं बघा. चांगलं रेकॉर्डिंग चालेल. कथानकाकडून अपेक्षाच नसल्याने दुसऱ्यांदा बघताना काही कमी होत नाही, उलट विराम, हालचाली आणि टोप्यांची अदलाबदल जास्त मोकळेपणी बघता येते. संहिता विकत घेतलीत तर कंसातल्या रंगसूचना वगळू नका. बेकेटच्या 'हॅपी डेज'मध्ये विनी पहिल्या अंकात कमरेपर्यंत आणि दुसऱ्यात मानेपर्यंत मातीत गाडलेली आहे. हे डोळ्यांपुढे नसेल तर तिची आनंदी बडबड वाचून काहीच हाती लागणार नाही.

बेकेटचं 'नॉट आय' (१९७२) सगळ्यात शेवटी ठेवा. काळोखात उजेड पडतो तो फक्त एका तोंडावर, आणि ते तोंड धाप लागेल अशा वेगाने बोलत सुटतं. जेमतेम पाव तासाचा खेळ. बिली व्हाइटलॉ या नटीने केलेल्या प्रयोगाचं चित्रीकरण उपलब्ध आहे. बघायचं तर खोलीतले दिवे घालवून बघा, आणि पहिल्या खेपेला एकही वाक्य पूर्ण पकडायला जाऊ नका.